भाकरी पूर्ण आली आहे

ग्रामीण जीवन मोटारीतून दिसत नाही, त्याला सायकलच लागते, हे आता सर्वमान्य आहे. (आम्ही जन्मापासून त्यातच असल्यामुळं आम्हाला ते दिसत नाही.) म्हणून दर हिवाळ्यात तीसेक माणसं पुण्याहून टेंपोत सायकली घालून आणतात आणि जिंतूर ते ताडकळस आमचं जीवन बघत जातात. टेंपो मागून येत राहतो. जीवन फारच झालं, तर त्यात बसता येतं.

नियम कडक आहेत. हेल्मेट सक्तीचं. कुत्रं मागं लागल्यास त्याच्याकडं बघू नये (कुत्र्याला हा नियम कळवलेला नाही). दुपारी चुलीवरची भाकरी, झरी गावाच्या अलीकडं, दत्तरावांच्या शेतात.

दत्तराव म्हणजे मी. आमच्याकडं गॅस आहे. पण सायकलवाले येणार म्हटलं की माझी बायको बानू शेतात चूल मांडायची. मागच्या वर्षी धुरानं डोळे चोळत म्हणाली, "ह्यांच्या आयांनी ह्यांना गॅसवर वाढवलं, त्याचा सूड माज्यावर काढायलेत." आणि स्वतःच हसत सुटली. तेव्हा सगळ्यांचे मोबाईल तिच्याकडं रोखलेले होते.

पावसाळ्यात बानू गेली. घरात तिचा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. त्यात ती बघणाऱ्यावर चिडलेली दिसते. मला हसणारी पाहिजे होती. म्हणून यंदाही सायकलवाल्यांना या म्हणून कळवलं आणि शेजारच्या सरजाबाईंना भाकरीला बसवलं. त्या लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या.

जेवणं झाल्यावर मी सायकलवाल्यांचे म्होरके नागनाथ सर यांच्याकडं बानूचा मागच्या वर्षीचा फोटो मागितला. भला माणूस. त्यांनी सगळ्यांना मोबाईल उघडायला लावले. बानू सगळ्यांकडं होती. कुणाकडं भाकरी थापणारा हात, कुणाकडं ठेचा वाढणाऱ्या बांगड्या, कुणाकडं पदराचा काठ. भाकरी प्रत्येकाकडं पूर्ण होती, पापुद्र्यासकट. तोंड कुठंच नव्हतं.

"काका, थाळी नीट यावी म्हणून..." सर म्हणाले.

मला पटलं. थाळी खरंच नीट आली होती.

सरजाबाई ऐकत होत्या. "भावजी, म्हंजे म्या नथ उगंच घातली म्हणा की."

सरांनी त्यातल्या त्यात चांगला फोटो पाठवला. अंगठ्यावर पोळल्याचा डाग आहे, म्हणजे हात बानूचाच. तो मोठा करून भिंतीवर लावला आहे. हार घातला की बरोबर भाकरीच्या गळ्यात पडतो.

हसलात, हरकत नाही. आता तुमच्या मोबाईलमधले जेवणाचे फोटो उघडा. शेतातले राहू द्या, घरातलेच बघा. वाढणारीचं तोंड सापडलं, तर मला कळवा.