पार्श्वपादांचे उपयोग

समुद्री किड्यांच्या पायांवर डॉक्टरेट मिळवून घरी बसलेल्या जावयाला सासऱ्याने स्वतःच्या फिशटँकच्या दुकानात ठेवून घेतलं. नातेवाइकांना सांगितलं, "बघाच, माणसात आणतो त्याला." तेव्हापासून जावई टाक्यांच्या काचा घासत होता आणि सासरा गिऱ्हाइकांशी त्याची ओळख करून देत होता: "हे आमचे डॉक्टर. ताप आला तर मात्र यांच्याकडे जाऊ नका." जावईही हसायचा. खाल्ल्या मिठाला जागायचं तर हसावं लागतंच.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्यात दुकानाने खाऱ्या पाण्याची मोठी टाकी बसवली होती. तिच्यातल्या दगडाखालून अंगभर पांढऱ्या केसांचा वीतभर किडा निघाला होता आणि पेशंटनी दाढ उपटण्यापेक्षा त्याचीच धास्ती घेतली होती. असले किडे आपण चिमटीत धरून फेकतो, म्हणत सासरा हातमोज्यांशिवायच निघाला. मागून बादली घेऊन जावई.

किडा पाहून जावयाचं काळीज सुपाएवढं झालं. इतका देखणा नमुना त्याने बाटलीतसुद्धा पाहिला नव्हता. बाह्या सरसावत सासऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, एवढे पाय कशाला लागतात याला? शिकलात ना तुम्ही?"

हा प्रश्न त्याला आजवर घरात कुणी विचारला नव्हता. बायकोनेही नाही. जावयाने घसा साफ केला.

"बाबा, ते नुसते पाय नाहीत. त्यांना पार्श्वपाद म्हणतात. अंगाच्या प्रत्येक वळ्याला एक जोडी. पहिला उपयोग, चालणं आणि पोहणं."

सासऱ्याचा हात पाण्यात गेला. दुसरा उपयोग श्वास घेण्याचा, कारण त्या पायांवरच झुबक्यांसारखे कल्ले असतात, असं जावई सांगत होता तोवर सासऱ्याने दगड उचलला. तिसरा उपयोग स्पर्शाचा, मिशांसारख्या तंतूंनी किडा वाट चाचपतो. तोवर किडा सासऱ्याच्या मुठीत आला होता.

"आणि चौथा, संरक्षण. हे केस पोकळ असतात, कातडीत घुसून मोडतात आणि..."

पुढचं सासऱ्यानेच सांगितलं, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. दुसऱ्या हातातला दगड काचेवर आदळला, टाकी फुटली, आणि गाल धरून बसलेले पेशंट टुणकन खुर्च्यांवर चढले. खालून मासे त्यांच्या चपलांमधून वाहत दारापर्यंत गेले.

डॉक्टरीणबाईंनी चिकटपट्टी लावून लावून केस उपटले. हाताचा भोपळा झाला होता. "चौथा आधी सांगायला काय झालं होतं?" सासरा विव्हळला. पुस्तकात हाच क्रम आहे, असं जावई म्हणाला.

घरी बायकोने विचारलं, "मुद्दाम केलंत ना?" तो नाही म्हणाला. तिचा लगेच विश्वास बसला आणि तेच त्याला झोंबलं. मुद्दाम काही करण्याइतका तो तिला हुशार वाटतच नव्हता.

डॉक्टरीणबाईंना मात्र त्याचं बोलणं आवडलं होतं. त्या एका कॉलेजच्या संचालक मंडळावर होत्या. तुमच्यासारखा जाणकार आम्हाला हवाच आहे, प्राचार्यांना भेटा, असा त्यांचा निरोप आला. बायकोने शर्टाला इस्त्री केली. प्रबंधाची जाडजूड प्रत काखेत मारून जावई गेला.

प्राचार्यांनी प्रबंध न उघडता टेबलाच्या कडेला ठेवला आणि केबिनमधली नवी कोरी टाकी दाखवली. काचा पुसायच्या, पाणी बदलायचं, माशांना खाणं घालायचं. सुट्टीतही यावं लागेल.

तो हो म्हणून आला. सासऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि समाधानाने मान हलवली.

"मी म्हणत होतोच, जावईबापू. शिक्षण वाया जात नाही."