उत्तरेची भिंत

भंडाऱ्याच्या चित्रप्रदर्शनात मधुकररावांचे सात तलाव दाराजवळ लागले आणि कीर्तीचे उत्तरेच्या भिंतीवर, जिथे उजेड उत्तम पडतो. अकरा वर्षं पहिला नंबर न सोडलेल्या माणसाच्या पोटात तिथूनच दुखायला लागलं.

"तिले ते भिंत काहून देल्ली?" त्यांनी शिपाई नंदलालला विचारलं.

नंदलालने यादी पुढे केली. मधुकररावांच्या नावापुढे शैली लिहिली होती प्रभाववाद, कीर्तीपुढे उत्तर-प्रभाववाद. "उत्तर लिहून हाये न सर. म्हून उत्तरेले लावलं."

कीर्ती त्यांचीच विद्यार्थिनी, पवनीच्या विणकराची मुलगी. पहाटेचा तलाव डोळ्यांना क्षणभर दिसतो तसा सुट्या ठिपक्यांनी पकडायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. तिने ठिपके ठेवले, पण मागावरच्या धाग्यांसारखे ओळीत बसवले, आणि पाणी चक्क लाल केलं. का, तर डोळ्यांना काही दिसो, तिला ते आतून लाल वाटतं. लोक त्या लाल पाण्यापुढून हलत नव्हते.

घरी त्यांनी बायकोला समजावलं, की इथे उत्तर म्हणजे नंतरचा. सुलोचनाबाईंनी भाजी निवडता निवडता आपला अर्थ लावला. "मंजे पोरीनं तुमाले उत्तर देल्लं."

हे झोंबलं. असलं कुणीही काढू शकतो हे दाखवायला त्यांनी दुपारभर बसून जांभळा तलाव रंगवला, ओळीत ठिपके, निव्वळ थट्टा म्हणून. सही केली नाही. मागे फक्त लिहिलं, 'उत्तर'.

दुसऱ्या दिवशी चित्र दाराशी टेकवून ते चहाला गेले. परतले तेव्हा जांभळा तलाव उत्तरेच्या भिंतीवर, कीर्तीच्या चित्रांत लागलेला होता आणि परीक्षक त्याच्यापुढे उभे होते.

"पहिला नंबर हाच. इथे ही मुलगी गुरूच्या सावलीतून पूर्ण बाहेर पडली."

चित्र आपलं म्हणावं तर शिष्येच्या मागे गेल्याची कबुली. गप्प राहावं तर नंबर तिचा. मधुकररावांनी नंबर जाऊ दिला.

कीर्तीने चित्र जवळून पाहिलं. "हे माहं नाही. कोपऱ्यात उन्हाचा पांढरा ठिपका हाये. तो आपल्या सरायचा. त्याच्याबिगर त्यायचा हातच थांबत नाही."

सगळ्या माना वळल्या. अशा रीतीने बारावा पहिला नंबरही मधुकररावांनाच मिळाला. प्रमाणपत्रावर नंदलालने सुबक अक्षरात लिहिलं, उत्तर-प्रभाववाद. ते ओशाळून कोपऱ्यात सरकले, तेवढ्यात पाठीमागून कीर्तीचा दबका, करपलेला आवाज आला.

"नंदलालभाऊ, सरले ते भिंत काहून देल्ली?"

त्यांच्या पोटातलं दुखणं थांबलं.