घरबसल्या गाडी लागते

आमचे शेजारी साळवेकाका व्हिडिओ गेम खेळायला बसले की आधी कॅरीबॅगचे दोन बंद दोन कानांना अडकवतात. घोड्याला तोबरा बांधतात तशी ती पिशवी त्यांच्या हनुवटीखाली लोंबत असते. मग शर्टाच्या आत, उघड्या पोटावर कालचं वर्तमानपत्र. गालात लवंग. वरच्या खिशात अर्धं कापलेलं लिंबू, मधूनमधून मान खाली घालून हुंगायला. एवढी तयारी झाली की ते माझ्याकडे बघून मान हलवतात आणि मी टीव्हीवरची गाडी सुरू करून देतो. बंदी आलेल्या कॅरीबॅगचा एवढा जुना साठा अख्ख्या पुंडलिकनगरात दुसऱ्या कुणाकडे नसावा.

काकांना गाडी लागते. गाडी तुम्हा-आम्हालाही लागते, पण काकांना झोपाळा लागतो, लिफ्ट लागते, आणि कॅमेरावाल्यानं नवरानवरीभोवती गरगर फिरून काढलेला लग्नाचा व्हिडिओही लागतो. शहागंजातून सामान आणायचं झालं की ते पिशव्या रिक्षात बसवतात आणि स्वतः रिक्षाच्या मागून चालत येतात. भाडं मात्र पूर्ण देतात. नोकरी चितेगावच्या एका कंपनीत होती. कंपनीची बस दारात यायची, पण पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्यांनी हात जोडले आणि काकांनी सायकल घेतली. रिटायर होईपर्यंत ते उन्हापावसात पैठण रोडवर सायकल हाणत राहिले.

"सायकल कशी लागत नाही हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"आता हे बघा संतोषभाऊ," काका म्हणाले, "बसमधी डोळा म्हणतो पळतोय अन् बूड म्हणतं बसलोय. दोघांचं भांडण, मधल्यामधी मार पोटाला. सायकलीवर डोळाबी पळतो अन् बूडबी. मग भांडायचं कशाला?"

हे शास्त्र ते स्वतःच्या पोटावर शिकलेत आणि कुणालाही फुकट सांगतात. ऐकणाऱ्याचं जेवण चाललेलं असलं तरी सांगतात.

तर असा माणूस व्हिडिओ गेमच्या वाटेला का गेला, याचं कारण जळगावला आहे. काकांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा तिथं नर्स आहे. काकू गेल्यापासून ती दर महिन्याला अजिंठ्याचा घाट चढून-उतरून बापाला भेटायला यायची. काका जळगावला कधी गेले नाहीत. तिचं लग्नसुद्धा त्यांनी इथंच लावून दिलं. आता लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर प्रज्ञाला दिवस गेले, आणि डॉक्टरांनी प्रवास पूर्ण बंद करायला सांगितला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. माहेर म्हणजे कोण, तर साळवेकाका, एकटेच.

"ती येऊ शकत नाय ना, मग माहेरच तिकडं न्यायचं," काकांनी जाहीर केलं.

माहेर नेणं सोपं नव्हतं. मी माझी कार देऊ केली, तर म्हणाले, कारमधल्या अत्तराच्या वासानंच पोट उठतं. रेल्वेनं निघाले, ते वाटेतच लासूरला उतरून पडले आणि दुसऱ्या दिवशी पायी परत आले. मग मेडिकलवाल्यानं एक गोळी दिली. गोळी इतकी गुणकारी निघाली की काका सेंट्रल बसस्टँडच्या बाकावरच घोरत पडले आणि जळगावची बस त्यांच्यासमोरून निघून गेली. उलटी मात्र झाली नाही, हे ते आवर्जून सांगत होते.

नेमका त्याच सुमारास मला चाळिशीचा झटका आला होता आणि मी व्हिडिओ गेमचं यंत्र घेतलं होतं. त्यात पळणाऱ्याच्याच डोळ्यांनी बघत अंधाऱ्या गल्ल्यांमधून पळायचं असा एक खेळ होता. पळालो खरा, पण थोड्याच वेळात घर फिरायला लागलं. मी फरशीवर आडवा, माझी बायको वैशाली ताटलीनं वारा घालतेय, असं दृश्य असताना काका दही मागायला आले.

"काय झालं ओ?"

"गेम खेळून चक्कर आली," वैशाली म्हणाली. "मळमळतंय म्हणे."

काका खाली बसले. माझ्या कपाळावरचा गार घाम त्यांनी बोटानं पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की मला माझ्या मळमळीचाही विसर पडला.

"म्हणजे घरबसल्या गाडी लागते?" ते म्हणाले. "संतोषभाऊ, मला शिकवा हे. इथं सराव करतो. बसला बटन नसतं, ह्याला हाय. जास्त झालं की बंद."

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुरू झाला. वैशालीनं सोफ्यावर मेणकापड अंथरलं. मी गाड्यांच्या शर्यतीचा, घाटरस्ता असलेला खेळ लावला. काकांनी खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली आणि खिडकी उघडायला लावली. ती पुढची सीट. शर्यत सुरू झाली, बाकीच्या गाड्या धूळ उडवत गेल्या आणि काका बैलगाडीच्या चालीनं डाव्या कडेनं निघाले. मागून कुणी आलं की थांबून त्याला साइड देत.

"काका, शर्यत आहे. दाबा जरा."

"जाऊ द्या त्यान्ला. कुणीतरी वाट बघत असंल त्यांची."

पहिल्या दिवशी पहिल्या वळणाला त्यांचा रंग उतरला. "पोट म्हणतंय थांबा," म्हणाले आणि बटन दाबून खिडकीबाहेर डोकं काढून बसले. पण गडी हटला नाही. पुढचा मुक्काम चहा उकळेपर्यंत, त्यानंतरचा कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत. त्यांचा प्रवास आमच्या ओट्यावर मोजला जाऊ लागला. डाळ शिजायची तोवर काका दोन वळणं घ्यायचे. गल्लीत मात्र बोभाटा झाला की म्हातारा या वयात गेमच्या नादी लागला. काकांनी एकालाही खरं सांगितलं नाही.

आणि एका संध्याकाळी काका घाट उतरले. सगळ्यात शेवटी, पण पूर्ण. कानांवरून पिशवी काढून त्यांनी ती उलटी करून आम्हाला दाखवली. वैशालीनं साखर वाटली. त्या रविवारी मी त्यांना घेऊन जळगावच्या बसमध्ये बसलो.

सिल्लोडपर्यंत काका नुसते राजे होते. शेजारच्या बाईंना त्यांनी डोळ्याचं आणि बुडाचं भांडण समजावून सांगितलं. मग घाट आला. रस्ता खणून ठेवलेला, एका बाजूला खडी, आणि ड्रायव्हरची कुणीतरी वाट बघत असावं. पहिल्या वळणाला काका गप्प झाले. दुसऱ्या वळणाला त्यांचा हात सवयीनं बटन शोधत समोरच्या सीटवर फिरला. पुढचं मी सांगत नाही. कॅरीबॅगचा जुना साठा बराच खर्ची पडला. शेजारच्या बाईंनी आवळासुपारी दिली आणि कंडक्टरनं पुढची सीट रिकामी करून दिली.

"उतरू या का काका? परत जाऊ," मी फर्दापूरला विचारलं. त्यांनी डोळे न उघडता नाही म्हणून मान हलवली.

जळगाव स्टँडवर उतरलो. मी रिक्षा बघायला निघालो, तर मला थांबवून ते नळावर गेले. तोंड धुतलं, चुळा भरल्या, डोक्यावर पाणी घेतलं. पिशवीतून धुतलेला शर्ट काढून घातला. मग डबा काढून आरशाशिवायच तोंडाला पावडर लावली.

"काका, तुमचीच मुलगी आहे. तिच्याकडे जाताना एवढं कशाला?"

"तिलाबी गाडी लागते, भाऊ. माझ्याच पोटची ना ती," काका म्हणाले. "दर खेपेला आपल्या स्टँडवर तोंड धुती, पावडर लावती, अन् मग हासत घरी येती. एकदा आणायला गेलो तवा लांबून बघितलं. तिला वाटतं अप्पाला काय कळत नाय. मी बी काही बोललो नाय कधी. बोललो असतो तर 'येऊ नको' म्हणावं लागलं असतं. अन् ती नाय आली तर मी काय करू, सांगा."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. प्रज्ञाचं घर स्टँडपासून लांब नव्हतं, आम्ही चालतच गेलो.

दार प्रज्ञानंच उघडलं. बापाला दारात बघून ती जागीच उभी राहिली.

"घाट कधी आला, कधी गेला, कळलंच नाय," काका म्हणाले. "संतोषभाऊला विचार."

प्रज्ञानं मला काही विचारलं नाही. ती जवळ आली आणि ओढणीच्या टोकानं तिनं काकांच्या कानामागचे ओले केस हळूच पुसले.

"व्हय अप्पा," ती म्हणाली, "आता रस्ता लई चांगला झालाय."