दहावा विद्यार्थी

हार्लन डाइक्स्ट्रा फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी बायकोच्या, म्हणजे लॉर्नाच्या, स्वयंपाकघरात साहेब म्हणून रुजू झाला. भांडी कशी रचावीत, बटाटे कुठून सोलावेत, फ्रिजचं दार किती उघडावं, सगळ्यावर याचं मत! बिचारी लॉर्ना मंगळवारवर जगत होती. मंगळवारी संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात तिचा इटालियनचा वर्ग असे. पहिलीच पायरी ती तिसऱ्यांदा करत होती. पण तिथे हार्लन नसे, आणि तेवढ्यासाठी ती चिनीसुद्धा शिकली असती.

अशात नव्या सत्राच्या तोंडावर कॉलेजातून फोन आला. "मॅडम, दहा विद्यार्थी लागतात, नऊच झालेत. शुक्रवारपर्यंत दहावा नाही आला तर वर्ग रद्द."

लॉर्नाने लगेच कंबर कसली. तिने सफरचंदाचा केक भाजला आणि शेजारच्या व्हर्नाचं दार वाजवलं.

"इटालियन? अगं बाई, मला नवऱ्याचं इंग्रजी अजून कळत नाही!" व्हर्ना म्हणाली. केक मात्र तिने ठेवून घेतला.

मग दाताचा डॉक्टर. तोंडात त्याची अवजारं असतानाच लॉर्नाने विषय काढला. तिचं "आँ, ऊँ" ऐकून त्याला वाटलं, दुखतंय. त्याने आणखी एक इंजेक्शन ठोकलं. अर्धं तोंड बधिर झालेलं, तशीच ती पिझ्झाच्या दुकानात शिरली. तिचा लोंबणारा ओठ बघून मालक ओरडला, "अरे, यांना अर्धांगवायूचा झटका आलाय! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

बाई स्ट्रेचरवर आडव्या पडल्या, पण जिद्द सोडतील तर शपथ. "मंगऱ्वाऱी मोकऱा आहेश का रे?" तिने ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारलं.

"काकू, आधी दोन्ही हात वर करा बघू!"

हॉस्पिटलात हार्लन धावत आला. ॲम्ब्युलन्सवाल्याने त्याला सगळी हकिगत सांगितली. बायको ठणठणीत आहे कळल्यावर त्याच्या जिवात जीव आला, आणि लगेच तो म्हणाला, "यांनी रस्ता चुकीचा घेतला. पुलावरून यायला हवं होतं."

शुक्रवारी संध्याकाळी फोन खणखणला. "दहावा आला!" लॉर्नाने झाडूला धरून स्वयंपाकघरभर नाच केला.

मंगळवारी ती वर्गात शिरली, तर पहिल्या बाकावर भांग पाडून हार्लन!

"तुझी तडफड बघवेना गं. म्हटलं, आपणच जाऊ."

लॉर्नाला त्याचं कौतुकही वाटलं आणि रडूही आलं. हक्काचे दोन तास गेले की हो! तेवढ्यात शिकवणाऱ्या तेदेस्कोबाईंनी टाळी वाजवली. "आता वर्ग सुटेपर्यंत फक्त इटालियन. दुसरा शब्द नाही."

खिडकी किती उघडावी हे सांगायला हार्लनने तिकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला एकच शब्द येत होता, 'सी', म्हणजे हो. लॉर्नाचे डोळे लकाकले. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये, त्याला कळावं म्हणून हातवारे करत, तिने विचारलं, "माझी कॉफी चांगली असते?"

"सी."

"बटाटे मला सोलता येतात?"

"सी."

"स्वयंपाकघर माझं आहे?"

हार्लनने इकडेतिकडे पाहिलं. दुसरा शब्द सापडेना. "सी!"

वर्ग सुटताच लॉर्ना धावत कार्यालयात गेली. "बुधवारी काय असतं?"

"फ्रेंच."

"गुरुवारी?"

"स्पॅनिश. शुक्रवारी पोर्तुगीज."

"सगळीकडे आम्हा दोघांची नावं घाला."

कारकून बाई चकित झाली. "एवढ्या भाषा? युरोपला निघालात वाटतं?"

"छे हो," लॉर्ना म्हणाली, "याच नवऱ्याबरोबर म्हातारं व्हायचंय!"