पावावरची खाच

या वर्षी नाताळच्या पावात खरंखुरं चांदीचं नाणं घालायचं असं रादिवोयेने ठरवलं, त्यात मनाचा मोठेपणा काडीचाही नव्हता. गेल्या नाताळात सासूबाई येव्रोसिमा सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "वीस वर्षं हा माणूस जुनी नाणी जमवतोय, आणि पावातून निघतंय काय? पत्र्याची चकती."

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. सर्बियातल्या चाचाक गावच्या जमीन-नोंदणी कचेरीत तो कारकून. कचेरीत आणि घरात त्याचं कोणी ऐकत नसे, पण नाणीसंग्राहकांच्या मंडळात त्याला मान होता. तोही १८७९ सालच्या दोन दिनारच्या एका नाण्यामुळे. सव्वाशे वर्षांत त्यावर काळपट निळी झाक चढली होती आणि सगळी किंमत त्या झाकेचीच. रादिवोये ते नेहमी कडांनी धरायचा. त्याच्याजवळ शिंकायचासुद्धा नाही.

तेच नाणं मेणकागदात गुंडाळून त्याने सासूबाईंनी मळलेल्या पिठाच्या गोळ्यात खुपसलं. अर्थात, परत घ्यायच्या बोलीवर. ज्याला नाणं सापडेल त्याचं ते आणि वर्षभराचं नशीबही त्याचंच, असा रिवाज. म्हणून त्याने नाण्याच्या जागी, पावाच्या कडेला काट्याने बारीक खाच पाडली. तोडण्याआधी सगळे मिळून पाव तीनदा गोल फिरवतात, मग प्रार्थना, मग ज्याने त्याने आपल्या समोरचा तुकडा तोडायचा. तीन पूर्ण फेरे, म्हणजे खाच पुन्हा त्याच्यासमोर. (हे त्याने कचेरीत, कामाच्या वेळात, ताटली फिरवून तपासलं होतं.)

दुपारी टेबलाभोवती चौघं बसले: तो, बायको स्लाव्का, मेहुणा मिओद्राग आणि सासूबाई. पाव तीनदा फिरला, सगळ्यांनी डोळे मिटले. रादिवोयेने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली आणि तुकडा तोडला.

तुकड्यात नुसता पाव होता.

"मेणकागद कसला हा?" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी आतलं नाणं काढून उलटसुलट करून पाहिलं. "रादे, हे तुझ्या कपाटातलं ना रे?"

"हो, आई."

स्लाव्काचे डोळे भरून आले. मिओद्रागने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुला कंजूष म्हणायचो रे. तोंडावर नाही, मागे. पण म्हणायचो."

रादिवोयेने आपला तुकडा ताटलीत ठेवला. शरमेने त्याचे कान तापले होते.

"आई," तो चाचरत म्हणाला, "याच्या बदल्यात दुसरं देऊ का? याहून मोठं आहे."

"नको. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलंय," म्हणत सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

काही वेळाने तो मागोमाग गेला. आता खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच. सासूबाई मोरीशी उभ्या होत्या.

"ते नाणं मी तुम्हाला मिळावं म्हणून घातलं नव्हतं. मलाच मिळावं म्हणून पावाला खाच पाडली होती. लाज वाटतेय मला."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "साठ वर्षं पाव भाजतेय मी. माझ्या पावावरची खाच मला दिसणार नाही? तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा हळूच माझ्याकडे वळवून घेतला."

"प्रार्थना चालू असताना?"

"मग तू खाच पाडलेल्या पावासमोरच प्रार्थना केलीस ना?" त्यांनी हात पुसले आणि नाणं त्याच्या हातावर ठेवलं. "घे बाबा, जीव अडकलाय तुझा त्यात. किती मळलं होतं रे! सोड्याने घासघासून काढलं."

नाणं नव्या चमच्यासारखं लखलखत होतं. निळी झाक मोरीतून वाहून गेली होती. मंडळात आता त्या नाण्याला कोणी हातही लावला नसता.

"राहू दे, आई," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्याकडेच ठेवा."

सासूबाईंनी पदर नसल्यामुळे एप्रनने डोळे टिपले. "स्लाव्का, इकडे ये गं. परत दिलं तरी घेईना. उगाच बोलायचे मी याला, फार मोठ्या मनाचा आहे."

नाणं का नकोय ते खरं सांगायची आता रादिवोयेची छाती झाली नाही. त्याने मान खाली घातली आणि भांडी घासायला घेतली. सोडा तिथेच होता.