मौजेचा आराखडा, मसुदा सातवा

"नोंद झाल्याखेरीज कुणी पुढचं पाऊल टाकायचं नाही." नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून बघत हे सांगितलं, आणि आजोबांनी ते अडतीस वर्षं नेमाने पाळलं. साहेब केव्हाच देवाघरी गेले, कचेरी दुसऱ्या इमारतीत गेली, आजोबा घरी आले. साहेबांची आज्ञा मात्र सेवेत राहिली.

मौज ही गंभीर बाब आहे. दुःखाला पूर्वतयारी लागत नाही, आणि तरी ते बहुधा व्यवस्थित पार पडतं. मौजेचं तसं नाही. ती बिघडायला एक घरी राहिलेली टोपीसुद्धा पुरते. म्हणून विचारी माणसं होता होईल तो मौज करत नाहीत, आणि करायची वेळ आलीच तर आधी समिती नेमतात.

टिल्लीच्या घरी ही वेळ आली ती एका दाढेमुळे. टिल्ली म्हणजे घरातली सात वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा इतकीशी होती, म्हणून टिल्ली. तिची एक दाढ किडली, ती काढायची ठरली, आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आईने तिचा हात धरून कानात सांगितलं, "हलली नाहीस तर तुला बदकगाडीत बसवीन." टिल्ली हलली नाही. (डॉक्टर थोडे हलले, पण तो वेगळा विषय आहे.)

ही बदकगाडी गावाबाहेरच्या अवाढव्य मनोरंजन उद्यानात आहे. तिथे माणसाला उलटं टांगणारे, गरगर फिरवणारे, वरून खाली सोडून देणारे असे एकूण सदुसष्ट पाळणे आहेत. त्यांत बदकगाडी सर्वांत संथ. आठ पिवळी बदकं एका उथळ तळ्याभोवती साडेतीन मिनिटांत एक फेरी मारतात, आणि मान दाबली की 'पॅक' करतात. गाडीच्या दाराशी एक लाकडी जिराफ उभा आहे. त्याच्या मानेवर रेघ आहे: १२० सेंटिमीटर. मोठ्या पाळण्यांना अशा रेघेहून बुटकं माणूस चालत नाही. बदकगाडीला उंच चालत नाही. साऱ्या उद्यानात ही एकच जागा अशी, जिथे लहान असणं ही पात्रता समजली जाते.

टिल्लीची आई घरीच शिवणकाम करते. तिचा बेत साधा होता: एक दिवस सकाळी डबा घ्यायचा आणि जायचं. तो तिने जेवताना बोलून दाखवला.

आजोबांनी हातातला घास खाली ठेवला. "जायचं म्हणजे? किती वाजता? कुठल्या दाराने? आधी काय, मग काय? सूनबाई, सदुसष्ट पाळणे आहेत तिथे. असं हात हलवत जातं का कुणी?"

"बाबा, आपल्याला एकाच पाळण्यात बसायचंय."

"एक असो नाहीतर सदुसष्ट. पद्धत तीच."

समिती त्याच जेवणात स्थापन झाली. आजोबा अध्यक्ष. टिल्लीचे वडील औषधांच्या दुकानात काम करतात आणि डॉक्टरांचं अक्षर वाचू शकतात, म्हणून चिटणीस. टिल्लीचा मामा तज्ज्ञ, कारण तो पूर्वी एकदा तिथे जाऊन आला होता. (म्हणजे आत शिरण्याआधी आपण स्कूटर नेमकी कुठे लावली हे बघून यावं म्हणून तो मागे फिरला, आणि ती सापडेपर्यंत उद्यान बंद झालं. पण तिथल्या गाडीतळाविषयी त्याच्याइतकी माहिती आजही कुणाला नाही.) आई सदस्य, चहासह. टिल्लीला सदस्य करता आलं नाही. ती लाभार्थी होती, आणि लाभार्थी समितीत घेतला की निर्णयात स्वार्थ शिरतो.

पहिल्या दोन बैठका वार ठरवण्यात गेल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या असंच म्हटलं पाहिजे. मामाचं संशोधन असं: रविवारी सगळे येतात. म्हणून मंगळवार बरा, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून मंगळवारी सगळे येतात. हे ज्यांच्या ध्यानात येतं ते बुधवार धरतात, त्यांच्यावर मात करणारे गुरुवार. अशा रीतीने शहाणी माणसं सरकत सरकत शनिवारपर्यंत पोचतात, आणि तिथे त्यांना रविवारची गर्दी टाळायला आलेली माणसं भेटतात. उरला सोमवार. मामाने सोमवारची आकडेवारी मांडली. सरासरी गर्दी: शून्य. रांगेची लांबी: शून्य. हरवलेली मुलं: शून्य. तक्रारी: शून्य. सोमवार एकमताने मंजूर झाला.

"सोमवारी ते बंद असतं," टिल्ली म्हणाली.

लाभार्थींच्या म्हणण्यासाठी इतिवृत्तात रकाना नसल्याने याची नोंद होऊ शकली नाही.

मग वेळापत्रक आलं. ते वाचताना ऊर भरून यावा असं होतं. ९.०० प्रवेश. ९.०० ते ९.०४ आश्चर्य. ९.०४ पासून पुढे चालणे. ११.३५ ते ११.३८ समूहहास्य (फोटोसाठी). देहधर्म प्रत्येकी दोन वेळा, हस्तांतरणीय नाही. बरोबर न्यायच्या सामानाच्या यादीत एक्केचाळीस वस्तू होत्या, आणि त्यातली एक्केचाळिसावी होती 'ही यादी (दोन प्रती)'.

आईने मशीनवरून न उठताच मसुदा चाळला. मिनिटाला मिनिट चिकटलेलं. ती चिटणिसांना म्हणाली, "अहो, इतकं तंग नका ठेवू. मध्ये कुठे थोडी माया ठेवा."

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून राखलेलं जादा कापड. मूल वाढलं की ती उसवायची आणि तोच कपडा अंगाला पुरवायचा. चिटणिसांनी पत्नीचा शब्द खाली पडू दिला नाही. पुढच्या मसुद्यात कलम तेवीस आलं: 'दुपारी १.१० ते १.१७, माया. स्थळ: कारंज्याजवळचा बाक. जबाबदारी: आई.' अध्यक्षांनी समासात शेरा मारला: 'सात मिनिटे जास्त वाटतात. पाच पुरावीत.'

चौथ्या बैठकीनंतर रांगेत उभं राहण्याची तालीम झाली. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत रांग, काळ पंचेचाळीस मिनिटं, वेग दर चार मिनिटांना एक फरशी. अध्यक्ष घड्याळ घेऊन पुढे, शेपटाला मामा, तो जिन्यात आलेला. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली उतरत होत्या, त्या थबकल्या.

"काय मिळतंय?"

"अजून ठरायचंय," मामा म्हणाला.

बाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी दोघे. शेवटी प्रत्येकाला आईने अर्धा अर्धा कप चहा दिला आणि सगळे समाधानाने पांगले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सात जण आले, चौघे आपापला कप घेऊन. रांग लागते तिथे काहीतरी असणारच, ही माणसाची श्रद्धा अजून शाबूत आहे, हे पाहून बरं वाटलं.

पाचव्या बैठकीत 'पात्रता पडताळणी' हा विषय होता. चिटणिसांनी बैठकीच्या खोलीतून हाक मारली, "अगं, हिची उंची किती?"

आईच्या तोंडात टाचण्या होत्या आणि समोर एका गिऱ्हाइकाचा अर्धा कोट. "वहीत बघा," ती ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. "अस्वलाच्या पानावर."

शाळेच्या नाटकात टिल्ली अस्वल झाली होती, आणि आईने तिला डोक्यापासून पावलापर्यंत एकसंध पोशाख शिवला होता. चिटणिसांनी पान काढलं. तिथे लिहिलं होतं: १२१॥.

चिटणिसांनी आकडा मोठ्याने वाचला: एकशे साडेएकवीस. मग निर्णय झाला: लाभार्थी अपात्र, बदकगाडी रद्द. त्यामुळे वीस मिनिटं मोकळी झाली, ती मामाच्या आग्रहावरून गाडीतळाला देण्यात आली. आता दौऱ्याचा हेतू तेवढा उरला नव्हता. बाकी दौरा जागच्या जागी होता.

टिल्ली दाराशी उभी राहून ऐकत होती. "मग मी तिथे काय करू?"

"कलम चाळीस," वडील पान उलटत म्हणाले. "सर्वांबरोबर राहणे."

ती रडली नाही. न हलता, न रडता राहायचा तिला आता सराव झाला होता. ती आईच्या मशीनखाली जाऊन बसली आणि खाली पडलेली सुतं गोळा करत राहिली. आईचा पाय पायट्यावर होता, तो थोडा वेळ तसाच थांबला. शब्द तिने दिला होता आणि उंची देवाने. यात कुणाला बोल लावायचा ते तिला कळेना.

चार दिवसांनी एका गिऱ्हाइकाचं माप बघायला तिने वही उघडली आणि पुन्हा ते अस्वल समोर आलं. १२१॥. त्याच्या खाली, तिच्याच अक्षरात, बारीक: 'माया ३ धरून'.

आईने टिल्लीला हाक मारली, दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली, खडूने रेघ ओढली आणि गळ्यातली टेप लावली. एकशे साडेअठरा. तिने पुन्हा मोजलं. एकशे साडेअठरा.

"आई, मी कमी झाले?"

"नाही गं. तू आहेस तेवढीच आहेस. जास्तीचं होतं ते माझं."

सहाव्या बैठकीत आईने हे हळू आवाजात मांडलं. मसुद्यात खरीखुरी चूक सापडली म्हणून आजोबांना मनापासून आनंद झाला. मसुदा करण्याचं सार्थक त्यातच असतं. पण आकडा एकदा नोंदला गेला की तो खडूने पुसता येत नाही. त्याला पद्धत आहे: दुरुस्तीपत्रक, मग सातवा मसुदा, त्यावर हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस, मग फेरपडताळणी आणि सह्या.

"म्हणजे किती दिवस लागतील, बाबा?"

"घाई केली तर साडेतीन महिने."

वडिलांनी कागदाच्या कोपऱ्यात गणित मांडलं. "महिन्याला अर्धा सेंटिमीटर वाढतेय ती. साडेतीन महिन्यांनी एकशे वीस आणि वर थोडी."

"आणि केस?" मामा म्हणाला. "केसांची उंची धरतात तिथे. आतापासून तेल चोपडून चपटे करा."

समितीने सर्व बाजूंनी विचार केला. आराखडा लवकर होणं अशक्य होतं, तेव्हा उरलेल्या एकाच घटकाकडून सहकार्य घ्यायचं ठरलं. ठराव असा: 'अंतिम मंजुरी मिळेपर्यंत लाभार्थीने आपली उंची स्थगित ठेवावी.' ठराव टिल्लीला वाचून दाखवण्यात आला. तिने दोन प्रश्न विचारले (स्थगित म्हणजे काय, आणि झोपेतसुद्धा का), मग प्रयत्न करते म्हणाली.

ती शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवसापासून तिने दूध अर्धंच प्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा आईने खिडकीतून पाहिलं: दप्तर पाठीवर, मान खाली, गुडघे वाकवलेले, रस्त्याच्या कडेने एक सात वर्षांची म्हातारी चालत येत होती.

आईने त्या दिवशी हातातल्या कोटाची बटणं लावून टाकली आणि गिऱ्हाइकाला सांगून आली की उद्या मशीन बंद राहील.

दुसरा दिवस गुरुवार होता आणि शाळेला सुटी. सकाळी नऊ वाजता जेवणाच्या टेबलाभोवती सातवी बैठक बसली. विषय मोठा होता: 'घरातून निघणे' ही क्रिया उंबरा ओलांडल्यावर पूर्ण झाली मानावी, की कुलूप लावल्यावर. अध्यक्ष उंबऱ्याच्या बाजूचे, मामा कुलपाच्या. चिटणीस दोन्ही मतं लिहून घेत होते.

आईने चहा ठेवला. मग सुई टाचण्यांच्या गादीला टोचली, मशीनवर कापड घातलं, देवाला हात जोडले आणि टिल्लीच्या बुटांचे बंद बांधले. डब्यात पोळी-भाजी होती, पाण्याची एक बाटली होती. पिशवी अर्धी रिकामीच राहिली.

"बाबा, हिला बदकगाडीत बसवून आणते."

"हो, हो," आजोबा कागदावरून नजर न काढता म्हणाले. "पण ते कलम अजून उघडलेलं नाही, सूनबाई. आधी इथे हजेरीची सही करा."

तिने सही केली. समितीच्या इतिहासात सातही बैठकांना हजर असलेली ती एकमेव सदस्य ठरली, तशी गौरवाची नोंदही झाली.

"सरळ उभी राहा," तिने टिल्लीला दारात सांगितलं. टिल्लीने आजोबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि गुडघे सरळ केले. दोघींनी उंबरा ओलांडला. कुलूप लावायचा प्रश्न नव्हता, घरात माणसं होती. आत कुणीतरी म्हणालं की दार वाजलं वाटतं, आणि त्यावरून मामाच्या मताला थोडं बळ मिळालं.

सातवा मसुदा सध्या हरकतींसाठी खुला आहे. पृष्ठं एकशे बेचाळीस, परिशिष्टं वेगळी. ज्या वाचकांनी वर वारांची चर्चा चालू असताना मनातल्या मनात आपलाही एक वार धरला (आणि तो या आठवड्यातला नव्हता), त्यांनी प्रत जरूर मागवावी. त्यांच्या उपयोगाची आहे. घाई मुळीच नाही. हे सगळं सावकाश वाचायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात त्या दोघी बसमध्ये बसल्यासुद्धा. आपणही बसलेलेच आहात.