भालेराव काकांची सोपाऱ्याची सहल

लग्नाच्या पंगतीत पानातली जिलेबी उचलून, एक डोळा मिटून, उजेडासमोर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गल्लीतले भालेराव काका. वेढे नीट न्याहाळून ते जिलेबी परत पानात ठेवत आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "रिजेक्ट." मग खात. दोन-तीन तरी खात.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात काकांनी अख्खा जन्म तपासणी खात्यात काढला. मशीनवरून उतरलेला पार्ट घ्यायचा, मोजायचा, नापास करायचा. रिटायर झाल्यावर पार्ट यायचे थांबले, नापास करणं थांबलं नाही. कोथिंबिरीची जुडी, नगरसेवकाचं भाषण, माझ्या मुलाचं अक्षर, समोरच्यांनी हौसेने बांधलेला जिना. "आमच्या वेळी असला माल गेटच्या बाहेर पडला नसता." गल्लीत कुणी नवी गाडी आणली, की हार घालायच्या आधी काकांच्या खिडकीकडे चोरून बघून घेई.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मंजूचं तेवढं नेता आलं नाही.

मंजू त्यांची एकुलती एक मुलगी. तिने संदीपला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा काकांनी त्याला अंगणात उभं केलं आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "डावा खांदा उतरता आहे. टेम्पो चालवतो, तोही दुसऱ्याचा. रिजेक्ट." कुंपणाच्या अलीकडे आम्ही ऐकत होतो. आम्हाला हसू आलं. मंजू पांढरीफटक पडली. पुढे दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि विरारला बिऱ्हाड थाटलं. काकांनी फर्मान काढलं: त्या घरातल्या कुणाचंही नाव इथे निघता कामा नये. काकूंनी ते पाळलं, निदान काकांसमोर.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मंजू एकटीच आली. आईच्या पायाशी बसून राहिली आणि बापाकडे न बघता निघून गेली.

यंदा काकांनी एकाएकी जाहीर केलं, "सोपाऱ्याचा स्तूप बघायला जायचं. वंदना करू, मग अर्नाळ्याला समुद्र. एका दिवसात परत." सहलीला 'लांब जाऊन दमणं' म्हणणारा हा माणूस. पण गाडी त्यांनीच ठरवली आणि गाडीवाल्याला आरसे पुसायला लावले.

सोपाऱ्याला बायकांनी मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. उरलासुरला विटांचा ढिगारा, भोवती झाडं. काका एका विटेवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

"काय काका, पास की नापास?" मी मुद्दाम विचारलं.

"इतकी वर्षं टिकलंय. आपण कोण बोलणार?" ते म्हणाले. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

अर्नाळ्याला सगळे पाण्यात उतरले. काका इस्त्रीचा शर्ट घालून समुद्राकडे पाठ करून उभे. नजर रस्त्यावर.

"काका, समुद्र मागे आहे."

"माहीत आहे मला. पळून जाणार नाही तो."

ऊन उतरायला लागलं. अंधार पडायच्या आत घाट गाठू, म्हणून ड्रायव्हर घाई करू लागला. काकांनी त्याला टायर बघायला लावले, मग ब्रेक, मग पुन्हा टायर. "सकाळीच बघितले ना काका," तो वैतागून म्हणाला.

"परत बघ."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्तूप, समुद्र, आम्ही सगळे, हे नुसतं निमित्त होतं. विरार इथून जवळच, आणि काकांनी मंजूला निरोप धाडला होता.

शेवटी एक मोटरसायकल आली. संदीप होता, पुढे टाकीवर एक लहान मुलगी. तो काकांसमोर येऊन मान खाली घालून म्हणाला, "जय भीम. मंजू यायला नाही म्हणाली. मीच हिला घेऊन आलो, समुद्र दाखवतो म्हणून."

मुलगी काकांकडे टकमक बघत होती. "पप्पा, हे कोण?"

संदीप गडबडला. "नाशिकचे आहेत," एवढंच म्हणाला.

"हो," काका म्हणाले. "नाशिकचा आहे मी." मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हात पुढे केला. तिने धरला. दोघं लाटेपर्यंत गेले, लाट आली की मागे पळत आले. काकांना पळताना मी प्रथमच पाहिलं. थोड्या वेळाने संदीप म्हणाला, "निघतो. घरी सांगितलेलं नाही." मुलीने टाकीवरून टाटा केला तो आम्हा सगळ्यांना, काकांना वेगळा असा नाही.

परतीच्या वाटेवर काका माझ्या शेजारी बसले होते. ओल्या पायांना वाळू चिकटलेली. कसारा मागे पडल्यावर म्हणाले, "नाव विचारायचं राहिलं रे तिचं."

मला ठाऊक होतं. काकूंनी माझ्या बायकोला सांगितलेलं. मी म्हटलं, "सांची."

"सांची," त्यांनी हळूच म्हणून बघितलं. "कुणी ठेवलं?"

"काकूंनी. फोनवरून सुचवलं होतं."

काका पायांना चिकटलेली वाळू चिमटीने काढू लागले.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. आणि नाशिकचे दिवे दिसू लागल्यावर, "कशी बोलणार."